हलू नका

चाळीस वर्षं मी एकच वाक्य बोललो.
हनुवटी जरा खाली, खांदे सैल,
आणि आता – हलू नका.

जांभळी नाक्याच्या आतल्या बोळात आठ बाय दहाची जागा,
निळा पडदा, एक पाय आखूड असलेलं स्टूल.
दहावीचे फॉर्म, रेशनकार्डं,
पावडर जास्त झालेल्या उपवर मुली.
एकदा एक बाप आला, त्याला मुलगा मोठा करून हवा होता,
वरातीच्या घोळक्यातून कापून, एकटा.
किती ठाणेकर माझ्यासमोर
श्वास रोखून बसून गेले.

आता माझाच हात हलतो.
उजवा. आधी बशीला कळलं, मग मला.
डॉक्टर म्हणाले, नाव मोठं आहे, पण आजार सावकाश चालतो.
कॅमेरे विकले. पडदा यमुनेनं घेतला;
चेंदणीच्या आमच्या गच्चीत त्यावर जवळा सुकतो.
हजारो काळे डोळे,
एकानेही पापणी मिटलेली नाही.
असं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं.

रोज एक फोटो काढायचा, हे कुणी सांगितलं नाही.
सकाळच्या गोळीनंतर पाऊण तासाने
हात त्यातल्या त्यात ऐकतो,
तेवढ्यात फोन उचलायचा.
सोमवारी मांजर काढली, तिला तीन शेपट्या आल्या.
परवा खाडीवरची होडी: पाण्यापेक्षा तीच जास्त वाहते आहे.
मधले दोन दिवस काही नाही.
गोळी संपली होती, आणि मीही थोडा.

खालच्या मजल्यावरचा विहंग सांगत होता,
काका, यात एक बटण असतं,
हललेलं सगळं स्थिर करून देतं.
राहू दे म्हटलं.
त्या सकाळी मांजर होती, ऊन होतं,
आणि माझं हलणंही तिथंच होतं.
त्याला कशाला कापायचं?

देवाचं म्हणाल तर मी उंबऱ्याबाहेरचा.
देवळात जातो तो यमुनेच्या चपला राखायला.
स्टुडिओत उदबत्ती लावायचो, पण ती कॅमेऱ्याला.
आता संध्याकाळी ती दिवा लावते
तेव्हा मी मागे पलंगावर बसून असतो.
वात ओढताना तिची बांगडी समईला लागते,
एवढा एक आवाज.
त्या आवाजासाठी मी टीव्ही बंद करतो,
हे तिला माहीत नाही. किंवा असेल.

गेल्या गुरुवारी तेव्हाच फोटो काढला.
गोळीचा अंमल उतरलेला, हात सुटलेला,
काही येणार नव्हतंच.
देव्हारा एका बाजूला वाहून गेला,
एकवीरा आई दोन झाली,
यमुनेचा हात म्हणजे नुसता धूर.
पण ज्योत –
ज्योत तेवढी स्वच्छ, टोकापर्यंत,
मुळातली निळी रेघसुद्धा.

ती हलली असणार, मीही हललो असणार,
एकाच क्षणी, एकाच बाजूला.

यमुनेनं चष्मा लावून पाहिलं.
म्हणाली, आयनं दावलं.
मी म्हटलं, योगायोग. असं हजारात एकदा होतं.
ती म्हणाली, मंग हजारदा काढा.
आणि लसूण सोलायला गेली.

मी मोजलं: आजवर दोनशे सोळा.
बरेच बाकी आहेत.

आज सकाळी ती मोरीपाशी बोंबील साफ करत होती,
कोपरापर्यंत खवल्यांसारखं चकाकणारं पाणी,
गालावर केसाची एक बट, हाताने मागे सारता येईना.
मी फोन धरला आणि जुन्या सवयीनं
तोंडातून निघून गेलं: हलू नको.

तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
तुमी आधी, म्हणाली.

मग आम्ही दोघंही हसलो,
ती विळी बाजूला ठेवून, मी भिंतीला टेकून.
फोटोत काहीच ओळखू येत नाही.
आजचा तोच.