बटण नसलेली जागा

मुजीबभाई म्हणाले, नक्को उखाडो उसको मॅडम,
नया डेक बिठा देतूं, सतराशे में.
मी मीटरभर शील्डेड वायर घेतली
आणि साडेतीन एमएमचं एक सॉकेट. बत्तीस रुपये.
ते हसले. हसू दे.
अकरा वर्षं उदगीरच्या ज्युनियर कॉलेजात
पोरांनी जाळलेले मीटर मीच जोडत आलेय.

मे महिना, रविवार. गाडी लिंबाखाली,
तरी डॅशबोर्ड तव्यागत.
चिमटे कुठं दाबायचे ते सॅन्ट्रो सांगत नाही,
मोडल्यावर कळतं.
दोन मोडले.
चार स्क्रूंतला एक गियरच्या झग्यात पडला,
तो अजून तिथंच आहे, वळणावर बोलतो.

डेक बाहेर आला मेथीच्या जुडीसारखा, मुळांसकट.
व्हॉल्यूमच्या खुंटीमागं तीन पाय:
डावा, उजवा, अर्थ.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोर्ड ओढला,
दोन टाके बसले, तिसऱ्याला लाइट गेली.
कठड्यावरून गोदाक्का: गाडी बिघडली का वं?
नाही अक्का, गाणं बसवतेय.
मिस्तरी नाही का गावात?
मी गार होत चाललेल्या टोकाकडं बघत राहिले.

स्टिअरिंगच्या उजवीकडं तीन कोऱ्या झाकण्या,
महागड्या मॉडेलला जिथं बटणं असतात.
पंधरा वर्षं नुसत्या बसलेल्या.
मधलीला भोक पाडलं.

संध्याकाळी लाइट आली. पहिल्यांदा नुसती भुणभुण,
रेस वाढवावी तशी चढत जाणारी.
तिसरी तार डेकच्या पत्र्याला नेऊन टाकली
तेव्हा कुठं अर्थ लागला.
आणि मग शांतता. एकदम पूर्ण.
कारण हा डेक असला अडेल, की पोटात कॅसेट फिरत नसेल
तर तोंडच उघडत नाही.

कप्प्यात एकच कॅसेट होती, आधीच्या मालकाची,
गुंडप्पा स्वामी, विमा एजंट, देवणी.
नवीन टाके घालण्याआधी, गाडी घेतली त्या आठवड्यात,
मी ती एकदा ऐकली होती.
गाणी नव्हती.
स्वामी सराव करत होते.
नमस्कार साहेब. खोकला. नमस्कार, साहेब.
मागं कुकरच्या शिट्ट्या,
कुणीतरी कानडीत विचारतंय, मीठ घालू का.
मग एकच वाक्य, मोजलं मी, चौदा वेळा,
कधी हसून, कधी घाईत, कधी अगदी पडेल आवाजात:
मी बसू का?

तिच्या हेडच्या दोन तारा मी कापल्या.
आता ती फिरते, बोलत नाही.
कॅसेट आत सारली, फोन लावला,
गाणं निवडेपर्यंत फोनच वाजला
आणि चारी दारांतून मुजीबभाई:
मॅडम, बजा क्या?
हौ, म्हटलं, बजा.
गोदाक्का कठड्यावरनं खाली उतरल्या
आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या, न विचारता.

आता लातूरला जाते तेव्हा माझी गाणी वाजतात.
खाली स्वामी फिरत असतात.
नळेगावच्या अलीकडं कधीतरी एक बाजू संपते,
डेकमध्ये खट् होतं,
गाणं अर्धा श्वास थांबतं
आणि फीत उलटी निघते.
तेवढ्यात मी शेजारच्या सीटवरची पर्स
उचलून मागं टाकते.
का ते मला नीट सांगता येणार नाही.
स्क्रू वाजतो. वळण आलेलं असतं.