आक्षेप क्रमांक एक्केचाळीस

सुनावणी शाळेच्या पटांगणात, मांडव घालून.
टेबलावर साहेबांच्या चार सीलबंद बाटल्या
आणि पाचवी माझी.
इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही तहान लागते
हे कुणीतरी लक्षात ठेवलं होतं.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
खाणीचा माणूस अकरा मिनिटं बोलला,
घंटेवाला शिपाई तेव्हा चहाला गेला होता.

एक्केचाळिसावी सुकांती वेळीप, राहणार वरचा वाडा.
सर्व्हे नंबराचा रकाना कोरा.
तिने पिशवीतून सोड्याची जुनी बाटली काढली,
बुचाला फडक्याची गाठ,
आत काव कालवल्यासारखं लाल.
सीलबंद बाटल्यांच्या रांगेत ठेवून म्हणाली,
"हें उदक. आमच्या झरीचें. पियात."

साहेब म्हणाले, नकाशात तिथे झर नाही.
ती म्हणाली, नकाशा काढायला आलेला
तीन दिवस त्याच झरीचं प्याला.
तांब्या आमचा होता.
परत दिला नाही.

मांडवात हसू पिकलं. घंटा वाजली.

मी लिहिलं : पाणी.
ती उदक म्हणाली होती, पण माझ्या मराठीत
उदक आता फक्त सोडण्यापुरतं उरलंय,
जमिनीवर, दाव्यावर, आपलं म्हणण्यावर,
तळहातावरून, मुकाट.
आणि ती तर सोडायला आलीच नव्हती.

रात्री पणजीला ऑफिसात नोंदी भरताना
संगणकाने विचारलं :
विषय पर्यावरण की हक्क? एकच निवडा.
तिचा नातू सकाळी शाळेऐवजी
कॅन घेऊन टँकरमागे धावतो,
सुपारीच्या झावळ्यांवर बोटाने नाव लिहिता येतं,
आणि रात्री ती खोकते ते कोणाच्या खात्यात?
दोन्हींवर खूण केली.
अर्ज परत आला, त्रुटीसह.
पुन्हा केली. पुन्हा आला.
तिसऱ्यांदा मी एकावरच केली.
कुठल्या, ते सांगत नाही.

बाटली मात्र माझ्याबरोबर आलीय.
आवकजावकच्या वहीत तिला क्रमांक नाही,
शिपाई रोज विचारतो, ओतू?
मी म्हणतो, राहू दे.
आठवड्याने वरचं पाणी नितळ झालं,
बोटभर डोंगर तळाला बसला.
मला वाटलं, निवलं.

पण खालून बार्जच्या धक्क्याकडे ट्रक गेला
की टेबल किंचित हलतं,
तळातून एक लाल धागा उठतो
आणि मी लिहिता लिहिता थांबतो.