लिथियम अकरा

दिवाळ्याच्या जेटीखाली, पाणी उतरलं की
धाकलीबाय कालवं ठोकते.
कोयतीचं टोक, एक टिचकी,
आवाजावरूनच कळतं तिला
आत मांस आहे की नुसता चिखल.
"ठोकल्याबिगर कलत नाय गो," म्हणते
आणि पुढच्या खडकाकडे सरकते.

मी तिची भाची. मार्चमध्ये सहा दिवस, सहा रात्री
परदेशातल्या एका थंडगार हॉलमध्ये
मीसुद्धा ठोकतच होते.
फक्त माझं कालव असं
की सेकंदाच्या शंभराव्या भागात
निम्म्याहून जास्त संपलेली असतात.
त्याला खडकावर बसायला वेळ नाही.
म्हणून डाव उलटा:
कालवच भिरकवायचं, उजेडाच्या निम्म्या वेगानं,
आणि वाटेत खडक धरायचा
नखाच्या जाडीचा, बेरिलियमचा.

तीन प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन.
त्यांतले सहा घरात नीट नांदणारे.
उरलेले दोन उंबऱ्याबाहेर, लांब,
धड गेलेले नाहीत, धड आत नाहीत.
इतके लांब की अकरा जणांचा हा संसार
शिशाच्या दोनशे आठ जणांएवढी जागा अडवतो.
आणि गंमत अशी, त्यातला एक उडवला
की दुसरा थांबतच नाही.
चुलीचे तीन दगड.
दोनांवर भांडं कधी टेकलंय?

हे मी आत्याला सांगितलं होतं, जेटीवरच,
ती घमेलं धूत होती.
"होरी, तुजा मामा नि मी," ती म्हणाली.
"होरी इकली. मंग तो पन गेला."
कुठे, ते तिनं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
घमेल्यातलं पाणी तिनं खाडीत ओतलं.

आता रात्रीचे पावणेतीन, नेरूळ, चौदावा मजला.
खाली पाम बीच रोडवर एखादंच वाहन.
स्क्रीनवर आलेख.
महिनाभर तो फुगीर येत होता,
मी वैतागले, घरतसरांशी भांडले,
मग सापडलं: डिटेक्टरची एक पट्टी, सतरावी,
खोटं बोलत होती पहिल्या दिवसापासून.
ती वगळली.
आणि शिखर उभं राहिलं,
अरुंद, सुईसारखं.

आम्ही उडालेल्यांना मोजत नाही, खरं तर.
मागे जो उरतो, नऊचा गाभा,
त्याची चाल मोजतो.
तो आडवातिडवा भेलकांडला असता
तर गेलेले त्याला घट्ट बिलगून होते, असं लिहिलं असतं.
हा सरळ जातो.
जवळजवळ काही झालंच नाही, असा.
यावरून ओळखायचं
की ते दोघं किती दूर पसरलेले होते,
किती सैल हातांनी धरलेले.

आलेखाखाली मी चुकीची मर्यादा लिहिली,
फाइल जतन केली,
आणि खिडकीशी उभी राहिले, झोप येईना म्हणून.
आत्या होडी विकल्याच्या दुसऱ्या दिवशीही
ओहोटी चुकवली नव्हती, असं आई सांगते.
सरळ चालत गेली म्हणे, कोयती घेऊन.

रविवारी गेले दिवाळ्याला.
"मंग? दिसला का तुला?"
नाही दिसला, आत्या. तो दिसत नसतो.
पोचतो तेव्हा फुटलेलाच असतो.
मला वाटलं, हसेल.
ती वाकली.
खडकावरून कालव कधीच निघून गेलेलं,
खालची शिंप तेवढी चिकटून, पांढरी, आतून ओली.
तिच्या काठावरून अंगठा फिरवत
तिनं मला माप दाखवलं:
"एवरा व्हता."