शिवणकामाचा तास

गिरणीची चिमणी पाडली त्या वर्षी आम्ही आठवीत.
विटा ट्रकांतून गेल्या, धूळ महिनाभर डब्यातल्या भाजीत उतरली,
पण सावली कुणी उचललीच नाही.
दुपारी चारच्या सुमाराला ती काळाचौकीचा रस्ता ओलांडून
शाळेच्या मैदानात यायची,
लांब, बारीक, टोकाशी जराशी वाकडी,
आणि लंगडीच्या चौकोनावर आडवी पडायची.
मोठ्यांना दिसायची नाही.
शिपाई आत्माराममामा तिच्यावरून सायकल न्यायचे.

पहिल्यांदा हात लावला नफिसाने.
म्हणाली, सुती आहे.
म्हणाली, धुतली तर आटेल.

शिंत्रेबाई शिवण शिकवायच्या.
धावदोरा, टीप, साखळी, काजं.
रस्त्यावर त्यांची छत्री बारा महिने उघडी,
वर्गात त्या कायम कपाटाजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात.
एकदा आमच्या हातात चिमणीचा वीतभर तुकडा बघून
त्यांनी दार लावून घेतलं.
ओरडतील वाटलं.
त्यांनी सुयांचा डबा बाजूला सारला.
"सावलीला लोखंड चालत नाही. बाभळीचा काटा आणा.
दोरा स्वतःच्याच सावलीतून काढायचा.
आणि घरी बोलायचं नाही. घरी याला एक नाव आहे,
ते चिकटलं की बाई जन्मभर उंबऱ्याबाहेर."
मग त्या खिडकीतल्या उन्हात येऊन उभ्या राहिल्या
आणि त्यांच्या पायाशी
नुसती फरशी होती.

आधी आम्ही खेळलो.
रसिकाने कावळ्याची सावली पोलक्याला लावली,
आठवडाभर पोलकं खुंटीवरून उडून पंख्यात अडकायचं.
गणिताच्या सरांच्या सावलीला मी दोन वेण्या शिवल्या.
हसून हसून पोट दुखलं.
माझ्या सावलीची करंगळी संपली, ते लक्षातही आलं नाही.

नववीत हर्षालीचं ठरलं.
पंधरा पूर्ण नव्हती. मुलाचे चार टेम्पो, पनवेलच्या पुढे घर.
काका म्हणाले, शाळा काय, तिकडेही असतात.
आम्ही चौकीत गेलो. तिथे चहा मिळाला.

शनिवारी शाळा सुटल्यावर
तिसऱ्या बाकापाशी तिला उभं केलं.
नफिसाने तिच्या सावलीच्या टाचा धरल्या, रसिकाने खांदे,
मी दुहेरी टीप घातली,
माझ्या डाव्या हाताची सगळी सावली उसवून.
हर्षाली रडली नाही. विचारलं फक्त,
काढता येतं ना गं हे?
हो म्हणाले.
माहीत नव्हतं.

गाडी वाशीच्या पुलावर थांबली.
इंजिन चालू, चाकं गरगर, गाडी जागची हलेना.
भगत आणला, लिंबं कापली, नारळ खाडीत गेला.
शेवटी मुलाकडचेच म्हणाले, पोरगी भारलेली आहे, नको.
भारलेली.
हा शब्द तिने पुढे नथीसारखा मिरवला.

वाचली, असं आम्ही म्हणायचो.
पण तिचं जग आता मोजलेलं:
इकडे गोरेगाव, तिकडे वाशीचा पूल, बाकी समुद्र.
नर्सिंगला नागपूरला नंबर लागला, तेव्हा
यादीचा कागद घडी घालून तिने माझ्या हातात दिला.
मी तो शिवणीच्या डब्यात ठेवला. दुसरं काय करणार.

मग एका दुपारी, बावीसची असेल तेव्हा,
आत्माराममामांना म्हणाली, वर्गात माझं काहीतरी राहिलंय.
बाकाखाली शिरली
आणि दातांनी उसवत बसली, टाका टाका,
मधली सुट्टी संपून पोरी आत येईपर्यंत.
मामा सांगायचे, बाहेर आली तेव्हा तोंड काळं होतं शाईसारखं,
आणि हसत होती.

पत्र नाही. एकदाच मनीऑर्डर आली, शिंत्रेबाईंच्या नावाने,
एकावन्न रुपये. मजकुराच्या जागी:
दोऱ्याचे.

माझं आता अल्टरेशनचं दुकान आहे, शाळेसमोरच.
गिऱ्हाइकं उंची बघतात, कंबर बघतात,
डाव्या हाताखालचं कोरं ऊन कुणी बघत नाही.
नववी अ अजून भरते.
तिसऱ्या बाकाखाली एक दोरा लोंबतोय.
तिचा नव्हे, माझा.
वाकून बघा हवं तर.
ओढू नका.