हात वर

बी.ए. दुसरं वर्ष, भूगोल.
मानमोडे मॅडम म्हणाल्या, आधी स्वतःला तयार करा.
केस निवडले, उंची निवडली.
कातडीचे सात रंग होते. मी पाचवा घेतला,
मग चक्कीच्या खिडकीच्या काचेत पाहून सहावा.
कपाळाला लावायला काही नव्हतं.
चपला मात्र एकोणीस तऱ्हेच्या.

मोबाईलवर पिठाचा थर बसलेला असतो,
ओढणीनं पुसला की खाली समुद्र निघतो.
आजचा तास किनाऱ्यावर.
मॅडम लाटेच्या आत उभ्या राहून सांगतात
कडा कसा झिजतो, खालून, आधी खालून.
आम्ही एकतीस जण. पाय कोणाचेच ओले नाहीत.

आमच्या दारव्ह्याकडं खडक म्हणजे विहिरीतला काळा,
सुरुंगाशिवाय तोंड न उघडणारा.
मला विचारायचं होतं:
मॅडम, चक्कीचा दगडही झिजतो,
दर दोन महिन्यांनी त्याला टाकी लावतो आम्ही,
तर झिजलेला दगड जातो कुठं?
गावाच्या पोटात?

मी हात वर केला.

"आचल, लाईन आली वं! दळण घे!"

मोटर सुरू झाली की सगळं ओढून घेते,
बल्ब पिवळा पडतो, राऊटर डोळे मिटतो.
विजूकाकूची ज्वारी. मग शाळेतल्या खिचडीवाल्या बाईचे गहू.
मग कोणाची तरी चण्याची डाळ,
तिच्यासाठी दगड जरा सैल करावा लागतो.
भुवया पांढऱ्या झाल्या
आणि तिकडं मी
हात वर करून किनाऱ्यावर.

दीड तासानं उघडून पाहिलं.
वर्ग सुटलेला. लाटा चालूच,
त्या बंद करायचं कोणाच्या ध्यानात नसावं.
माझा हात तसाच.
आणि शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ,
फुलवंती कासदेकर. धारणीची. सातवा रंग.

लिहिलं तिला, माझ्यासाठी थांबली होतीस?
सकाळी उत्तर आलं:
नाही वं, आमचा टॉवर तर अर्ध्या तासातच गेला.
मी नव्हतीच तिथं.

मीही नव्हते.
हजेरीत दोघी हजर.

आज मॅडमनी आठवणीनं विचारलं,
काल तुझा काय प्रश्न राहिला?
सांगितला. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत,
त्यांच्या मागं लाट येऊन गेली.
मग म्हणाल्या, दिवसाला किती दळतेस?

म्हटलं, लाईन असंल तेवढं.