कर्ता

चंदननगरला पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरतो आमचा क्लास,
शनिवारी साडेसात ते नऊ.
खाली पट्टा फिरत असतो, कुणाची तरी बाजरी पडत असते,
म्हणून आम्ही सगळे इंग्रजी ओरडून शिकलो.
हाउ आर यू असं विचारतो
जशी नदीपल्याड हाक मारावी.
फाइन! उत्तरही तिकडूनच.

आपल्यात कसं चाललंय विचारलं
तर माणूस चाललंय म्हणतो, आणि त्यात
गुडघे येतात, संपत आलेला गॅस येतो, जावयाची नोकरी येते.
फाइनमध्ये काही मावत नाही.
डबा लहान. झाकण मात्र घट्ट.

खराडीत नवव्या मजल्यावर रिनी मॅडम दार उघडतात
तेव्हा मी अशी घालते गुड मॉर्निंग
की त्यांचं मांजर सोफ्याखाली जातं.

तोरणे मिस म्हणतात, चुका, पण थांबू नका.
हुसेनभाई रिक्षावाले थांबतच नाहीत:
मीटर इज करेक्ट, रोड इज राँग.
वाक्य त्यांचं स्वतःचं, वहीत खाली तारीख घातलेली.
अर्धापूरचा दिगंबर वॉचमन गुड नेमपाशी अडतो,
नावात वेगळं गुड काय असतं, मिस?

गेल्या सोमवारी निळा कप फुटला.
मॅडमच्या आईचा. केरळातून कापसात गुंडाळून आणलेला.
मी म्हटलं, कप... ब्रेक.
त्या म्हणाल्या, इट्स ओके, इट्स ओके.
दोनदा म्हटलं की ते ओके नसतं,
एवढं इंग्रजी मला येतं.

शनिवारी मिसना विचारलं, कप फुटला, हे नीट कसं सांगायचं?
कुणी फोडला?
फुटला, मिस. हातातून सुटला नि फुटला.
कप स्वतः उडी मारतो का, इंदुमती?

आणि फळ्यावर एक उभी रेघ ओढली.
आय.
आमच्याकडे आय म्हणजे आई. क्षणभर वाटलं,
बरं झालं, ढकलू तिच्यावर.
पण इथे आय म्हणजे मी,
वाक्याच्या दारात काठी घेऊन एकटी उभी.
आय ब्रोक द कप.

घरी जाताना मोजत गेले.
दूध उतू जातं. किल्ली हरवते. बस चुकते.
पैसे संपतात. पोरगी बिघडते.
आपल्या भाषेत सगळं आपापलं होतं,
कुणी काही केलेलं नसतं.

सोमवारी मॅडमना सांगितलं, रेघेसकट.
त्या हसल्या, मांजर बाहेर आलं.

गृहपाठ होता: आपल्या शाळेविषयी चार वाक्यं.
मला एकच माहीत. सातवीत शाळा सुटली.
ऐकायला असं वाटतं, घंटा झाली नि पोरं पळाली.
पेन्सिलीने उभी रेघ काढली.
खोडली. मी नव्हते ना.
मग लिहिलं, माय फादर स्टॉप माय स्कूल.
मिसनी स्टॉपला लाल शेपूट जोडलं:
होऊन गेलंय ना? मग ईडी लाव.
बाकी काही बोलल्या नाहीत.
खाली गिरणी बंद झाली तेव्हा कळलं, नऊ वाजले.

आबा आता माझ्याकडेच असतात.
डोळ्यांना अंधुक दिसतं, कान मात्र शाबूत.
चहात पाव बुडवून देते तेव्हा म्हणतात,
काय शिकलीस, वाचून दाखव की.
वाचलं. स्टॉप्ड म्हटलं, शेपटासकट,
आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता.
त्यांनी मान डोलवली. वा.
अगदी मडमेसारखं बोलतेस गं.

पावाचा तुकडा कपात पडला होता, तो चमच्याने काढत होते.
अर्थ काय म्हणायचा याचा?

काही नाही, आबा.
शाळा सुटली.