तिसऱ्या अक्षराशी

डुलूथला नोव्हेंबरात दुपारी साडेचारलाच दिवे लागतात.
शाल्मली जेवणाच्या टेबलावर राज्य मांडून बसते:
सुपीरियर सरोवराच्या जागी समुद्र,
धान्याच्या कोठारांच्या जागी मनोरे,
कालव्यावरचा उचलपूल मात्र जसाच्या तसा,
फक्त तो मंत्राने वर जातो.

मी कोठारातले पट्टे, मोटारी, फ्यूज सांभाळणारा माणूस.
मी विचारलं,
मंत्राने पूल उचलतो, मंत्राने चूल पेटते,
गळकं छप्पर मंत्राने सांधतं,
तर तुझ्या राज्यात कप्पी कोण शोधून काढेल?
आगकाडी कुणाला सुचेल?
बसल्या जागी ताट येत असेल
तर भाकरी थापायला कोण शिकतं?

तिने पेन्सिल चावली. उत्तराला तिला वेळ लागतो.
शाळेत तिची वाक्यं दुसरेच पुरी करतात.
फोनवर तिचं नाव पहिल्या अक्षरावर थांबतं
आणि पलीकडची बाई म्हणते, हॅलो? हॅलो?
मीही पुरी केली आहेत. घाईत.
प्रेमाने, असं मी समजत आलो.

"म-मंत्र एका दमात म्हणावा लागतो, बाबा.
ओडा आहे ना, डांबरवाल्याची मुलगी,
तिची जीभ तिसऱ्या अक्षराशी अडते."
ओडाने म्हटला की पूल अर्धाच उचलतो
आणि राहतो तसाच, दोन-दोन दिवस.
खाली जहाज, वर कुणाच्या तरी बकऱ्या,
आणि अख्खं गाव तिच्या नावाने बोंबलतंय.

मग ओडाने टोपल्यांत दगड भरले.
पुलाच्या वजनाइतके. मोजून.
दोर, चाकं, माशाच्या चरबीचं वंगण.
"पूल ह-हलका नाही झाला.
त्याला फक्त तोलामोलाचं कुणीतरी मिळालं."

आणि जादूगार?
दिवसा हसतात तिला.
पण पडसं झालं, नाक चोंदलं, म्हातारपणी दात पडले,
की रात्री हळूच येतात, दोर ओढतात
आणि सकाळी चौकात सांगतात, मंत्र आमचाच.

यावर मी बोललो नाही काही.
आमच्याकडे असे दोन मॅनेजर आहेत.

जेवल्यावर कानटोप्या घालून कालव्यावर गेलो.
खनिज भरायला आलेलं रिकामं जहाज, लांबच लांब,
अंधारातून भोंगा देत होतं:
एक लांब, मग आखूड, आखूड,
मध्येच कुठे अडल्यासारखा.
पुलाने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.
मग त्याच चालीत उत्तर दिलं,
आणि दोन्ही मनोऱ्यांतली वजनं
सावकाश खाली उतरू लागली.

शाल्मली कठड्यावरून वाकून बघत होती.
"बाबा, ते किती ट-"

शब्द माझ्या जिभेवर होता, अगदी टोकाशी.
वारा नाकाला झोंबत होता.
मी तोंड मिटून उभा राहिलो.